आबासाहेबांच्या मोटारीतला डग्गा

एक किस्सा सांगतो, पण हसताना कप सांभाळा, सतरंजी माझी आहे. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुठेही खोडी झाली की लोक आधी माझं नाव घेतात. घेऊ द्या, बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण ज्या खोडीबद्दल आजही लोक माझी पाठ थोपटतात, ती मी केलीच नव्हती. ती माझ्यावर झाली होती, आणि करणाराही मीच. गोंधळलात ना? मग माझं काय झालं असेल, विचार करा.

तेव्हा मध्य भारत राज्य मोडून नवा प्रांत व्हायचा होता आणि राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला जाणार होती. कचेऱ्यांत खोकी भरली जात होती. अख्खं ग्वाल्हेर तोंड पाडून बसलं होतं. खूश होतो एकटा मी. का? सांगतो.

नाना भोईट्यांची कुसुम. नाना म्हणजे संस्थानच्या तोफखान्यातले जुने हवालदार. तोफांपायी कान गेलेले. समोर बसून ओरडलात तर ‘काय?’ म्हणायचे, पण लांब ढग गडगडला की मान वर व्हायची. कुसुमसाठी दोन स्थळं होती. एक, इथल्याच थाटीपुरातल्या सरकारी क्वार्टरमधला सेक्रेटेरिएटचा बाबू, बी.ए. पास. दुसरा मी, मोटारींच्या कारखान्यातला मिस्त्री, शाळेने लवकरच घरी पाठवलेला. सांगा, कुणाला मुलगी द्याल? मीसुद्धा बाबूलाच दिली असती.

पण बाबू कचेरीबरोबर भोपाळला जाणार. नानांची थोरली बहीण, आक्का, घरात हुकूम तिचा. ती म्हणाली, “पोर एवढ्या लांब द्यायची नाही. त्यापेक्षा तो बापू बरा. चावट आहे, पण गावातच मरेल.” त्या रविवारी सुपारी फोडायला मला बोलावलं. आता कळलं? राजधानी गेली तर कुसुम माझी. राहिली तर बाबूची.

त्याच आठवड्यात सरदार आबासाहेबांनी आपली मोटार आमच्या कारखान्यात धाडली. लांबलचक परदेशी गाडी, कंपनीनेच आत रेडिओ बसवलेला. पण आबासाहेब पडले गाण्याचे दर्दी.

“बापू, ह्या डब्यात तबला नुसता टिणटिण करतो. डग्गा कुठंय? अर्धा ठेका ऐकून मला रात्री अपचन होतं.”

“सरकार, असा डग्गा घालतो की छातीत वाजेल.”

सिनेमाघरातून निकामी म्हणून काढलेला, परातीएवढा लाउडस्पीकर मिळवला. सागवानी खोकं करून त्यात तो ठोकला, आणि आवाज कोंडू नये म्हणून डिक्कीचं झाकण काढून त्याचं तोंड मागे रस्त्याकडे केलं. इथवर ठीक होतं. पुढे माझ्या अकलेने उडी मारली. म्हटलं, रेडिओत एवढा दम कुठला? म्हणून एक तार सरळ बॅटरीवरून ओढून मागे नेली. रेडिओ लावला. पुढे टिणटिण, मागे ढिम्म. रविवार उजाडला तरी ढिम्मच.

आबासाहेबांना म्हटलं, “सरकार, गाडी जरा फिरवून बघतो.” आणि सुपारीला निघालो. धुतलेला कोट, डोक्याला तेल, सरदारांची मोटार. नवरदेवाला आणखी काय लागतं?

दाल बाजाराच्या तोंडाशी नाली आडवी जाते. चाक तिच्यात गेलं आणि कुठेतरी आवाज झाला, धुडुम्म! काचा हादरल्या. मी आजूबाजूला पाहिलं. पुढच्या खड्ड्यात पुन्हा, धुडुम्म!

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

गाडी थांबवली. दुकानातून एक धान्याचे व्यापारी शेटजी धोतर सावरत बाहेर आले.

“अरे मिस्तरी, तोप चली क्या?”

“वही तो मैं पूछ रहा हूँ. किधर चली?”

“यहीं कहीं. मेरे तो तराजू के बाट हिल गए.”

शेजारी एक म्हातारे पेन्शनर बोटांवर काही मोजत उभे होते. म्हणाले, “ही सलामी आहे. अशी सलामी उगीच झडत नाही. लिहून घ्या, राजधानी इथंच राहिली.”

बाजारात आनंद पसरला हो, कुणी कुणाला मिठी मारतंय, कुणी गूळ वाटतंय. मी मात्र गाडीकडे धावलो. राजधानी राहिली म्हणजे बाबू राहिला! आता एकच उपाय, ही बातमी पोचायच्या आत नानांच्या घरी पोचायचं आणि सुपारी फोडून मोकळं व्हायचं. घातला पाय. गाडी उधळली, आणि रस्ता आपल्या लष्करचा, म्हणजे मधे मधे रस्ता असलेले खड्डे. धुडुम्म, धुडुम्म! जितका मी पळतो तितक्या तोफा वाढतात. ज्या गल्लीत शिरावं तिथले लोक आधीच बाहेर उभे. विचारलं की सांगतात, “आत्ता, आत्ता इथंच वाजली.” मला कळेना, हा गोलंदाज तोफ घेऊन माझ्या पुढे पळतोय तरी कसा?

नानांच्या दारात पोचलो तर नाना अंगणात ताठ उभे. अंगात जुना लष्करी कोट, हात कपाळाला, डोळ्यांत पाणी.

“बापू, ऐकलीस? किती वर्षांनी माझ्या ह्या कानांनी ऐकली रे.”

“नाना, तोफबीफ काही नाही. भास आहे.”

“काय?”

“भास!” मी ओरडलो.

“हो, खास सलामी होती.”

आक्का नवी साडी नेसून बाहेर आलीच. “बापू, तुझं बोलणं ऐकायला आम्हाला सवड नाही. तू दिवसाला दहा थापा मारतोस. राजधानी राहिली, आता थाटीपूर काही लांब नाही. बरं झालं मोटार आणलीस. चल, आम्हाला त्या बाबूकडे सोड.”

“मी सोडू?”

“मग काय मोटार एकटी जाणार?”

कुसुम आक्काच्या मागून माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग होता की हसू, मला कळलं नाही. त्या दिवशी मला काहीच कळत नव्हतं. तिघांना गाडीत घातलं आणि स्वतःच्या सुपारीला निघालेला मी, सुपारीसकट मुलीला दुसऱ्याच्या घरी पोचवायला निघालो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला धुडुम्म, आणि मागच्या सीटवर नाना बसल्या बसल्या सलाम ठोकतायत.

“बघ, आता तर अगदी जवळ आली,” नाना म्हणाले.

थाटीपुरात बाबूच्या ओट्यावर बांधलेली खोकी सुटत होती. सलामीची बातमी आमच्याआधीच पोचलेली. बाबूने पेढे मागवले होते आणि भोपाळसाठी बांधलेली भांडी त्याची आई परत फळीवर लावत होती. नाना उतरले, आक्का उतरली, कुसुम उतरली. बाबू हसत पुढे आला. माझं डोकं फिरलं. मी उतरलो आणि दरवाजा धाडकन आपटला.

धुडुम्म!

सगळे आकाशाकडे बघू लागले. मीही. कुसुम तेवढी बघत नव्हती. ती गाडीमागे गेली आणि म्हणाली, “पुन्हा आपटा बरं.”

“काय?”

“दार.”

आपटलं. धुडुम्म! खोक्यातला कागदी पडदा तिच्या तोंडासमोर बेडकाच्या गळ्यासारखा फुगला, आणि बॅटरीवरून आणलेली माझी ती तार, एका टोकाने सुटलेली, लोंबकळत हलत राहिली. धक्का बसला की चिकटते, नाहीतर अधांतरी.

“नाना,” कुसुम बापाच्या कानाशी जाऊन ओरडली, “तोफ डिक्कीत आहे.”

बाबूच्या आईने फळीवरचं पातेलं काढून मुकाट्याने परत खोक्यात ठेवलं. नानांनी कोटाची बटणं हळूहळू सोडली. मला ते बघवेना. मग ते माझ्यासमोर उभे राहिले.

“बापू, म्हाताऱ्याची चेष्टा केलीस?”

आता काय सांगू? हो म्हणावं तर लबाड, नाही म्हणावं तर मूर्ख. जन्मात पहिल्यांदा खरं बोललो. “नाना, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. मी स्वतः सकाळपासून तीच तोफ शोधतोय.”

आक्काने कमरेवर हात ठेवले. “म्हणजे तोफ पाठीला बांधून तू गावभर तोफ विचारत फिरलास?”

“हो.”

“राजधानी राहिली तर मुलगी हातची जाईल, हे तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि तरी गल्लोगल्ली तूच ती बातमी वाजवलीस. आणि आम्हाला इथं आणलंस, तेही तूच?”

“हो, आक्का.”

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बाबूच्या हातातलं पेढ्याचं ताट घेतलं, एक पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि भावाच्या कानाशी ओरडली. सगळ्या थाटीपुराने ऐकलं.

“नाना, दे पोर ह्यालाच. मी उगाच घाबरत होते, म्हटलं मुलगा लबाड आहे. हा तर नुसता गाढव आहे!”