कामाचा कुत्रा, सोबतीचा कुत्रा

आर्डिस होल्म एका जागी बसणारी बाई नव्हती. बावीस वर्षं ती विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात दारालगतच्या टेबलावर कामाला होती, पण त्या टेबलाची खुर्ची नव्यासारखीच राहिली. किल्ल्या मोजायच्या, पायपुसणं सरळ करायचं, कोण आजारी, कोण घरच्या आठवणीने कोमेजलंय ते बघायचं, असं तिचं सारखं चालायचं. नवरा लाईल म्हणायचा, "चर्चमध्येसुद्धा तू देवाला उभ्या उभ्याच भेटतेस." ती गायींच्या गोठ्यात वाढली होती, पहाटे साडेचारला उठणारं अंग म्हातारपणी तरी कुठलं निवांत व्हायला.

अलीकडे तिच्या टेबलावर माणसांइतकीच जनावरं यायला लागली होती. ससे, मांजरी, एक साळिंदरासारखं काटेरी पिल्लू, आणि एकदा डायपर घातलेलं बदक. त्यांचे दोन वर्ग होते. मनाला धीर देणारं ते सोबतीचं जनावर. त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागायची, समितीची मंजुरी लागायची, आणि तरीही ते खोलीपुरतंच. दुसरा कामाचा कुत्रा. आजारी किंवा अपंग माणसासाठी तो शिकवलेला असतो, त्याला वर्ग, ग्रंथालय, जेवणघर सगळं मोकळं. त्याच्यासाठी कागद मागायचाच नाही. दोनच प्रश्न विचारायचे: हा आजारपणामुळे लागतो का? आणि काय काम करायला शिकलाय? आजार कोणता ते विचारलं तर नोकरीवर गदा.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मुली राहायला आल्या. रांग पार गाड्यांच्या तळापर्यंत. साडेअकराला ब्रिन टॉलेफसन नावाची मुलगी वडिलांबरोबर टेबलापाशी आली. सोबत तपकिरी, लोंबत्या कानांचा कुत्रा, डूली. आर्डिसने यादी पाहिली. नावापुढे लिहिलं होतं, 'सोबतीचं जनावर, मंजुरी बाकी'. समिती बसणार गुरुवारी.

आर्डिसने गोड आवाजात सांगितलं, आज काही त्याला वर नेता येणार नाही, पाच दिवसांचाच प्रश्न आहे. वडील वेंडेल टोपी काढून उभे होते. त्या शेतीवाडीच्या भागातली माणसं वाद घालत नाहीत. घर जळत असलं तरी म्हणतील, जरा ऊब आहे. "नियम आहे तर आहे," ते म्हणाले, आणि डूलीला घेऊन गेले. ट्रक निघून गेला.

ससा परत न्यावा लागला की मुली रडतात. ही रडली नाही. तिने फक्त दोन गोष्टी विचारल्या: तळमजल्यावर खोली मिळेल का, आणि न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावावीच लागते का?

आर्डिसने "तळमजला भरलाय, कडी लागत नाही" म्हटलं आणि पुढच्या मुलीला किल्ली दिली. पण ती कडी तिच्या मनातून जाईना. बारा वाजले. चीजचं सँडविच तसंच कागदात राहिलं. तिने एकाच किल्लीवर दोनदा सही घेतली. कडी कशाला नको असेल एखाद्या पोरीला? ती टेबल सोडून दोनदा जिन्यापर्यंत गेली, दोनदा परत आली. मग मदतीला आलेल्या एका मुलीला टेबलापाशी बसवून सरळ वर गेली.

ब्रिन पलंगावर नाही, खाली जमिनीवर बसली होती.

"बाळा, मी सकाळी विचारायला हवं होतं ते आता विचारते," आर्डिस म्हणाली. "डूली तुला आजारपणामुळे लागतो का?"

"हो."

"काय काम करतो?"

"मला फिट यायच्या आधी मांडीवर पंजा ठेवतो. मग मी खाली आडवी होते."

आर्डिस तिच्यासमोर खाली वाकली. "मग अर्जावर सोबतीचा का लिहिलंस गं?"

"बाबांनी भरला. आमच्याकडे कामाचा कुत्रा म्हणजे गुरं वळणारा. बाबा म्हणाले, हा तर दिवसभर घरात लोळतो, खोटं कशाला लिहायचं?"

आर्डिसला हसू यायला हवं होतं, आलं नाही. तिच्याही घरी तसंच म्हणायचे. पण यादीतला शब्द वाचून तिने ते दोन प्रश्न विचारलेच नव्हते.

वेंडेल फोन ट्रकच्या खणात ठेवून चालवतात, असं ब्रिनने सांगितलं. मग आर्डिसने तिच्या आईला फोन लावला. आई म्हणाली, ते वाटेत पेंडीच्या दुकानात थांबल्याशिवाय घरी येत नाहीत, तिथे लावा. दुकानदार म्हणाला, आत्ताच गेला, थांबा, आणि फोन तसाच ठेवून बाहेर धावला. आर्डिस फोन कानाला लावून खोलीत येरझाऱ्या घालत होती. देवा, तेवढा ट्रक थांबव, एवढंच तिने मागितलं. बऱ्याच वेळाने धापा टाकत दुकानदार आला. वळलाय, म्हणाला. पाऊण तास लागेल.

तो पाऊण तास आर्डिस जमिनीवर ब्रिनसमोर बसली. पोरगी जांभई द्यायची, ही लगेच पुढे सरकायची.

"तुम्ही काय करणार आहात?" ब्रिनने विचारलं. "पंजा ठेवणार?"

"मला काही कळणार नाही गं. पण बघत तर बसते."

"इतकं बघू नका. डूली निदान अधूनमधून झोपतो."

अखेर जिन्यावर वेंडेलचे बूट वाजले. डूली आत आला, ब्रिनला हुंगलं, एकदा तिच्याभोवती फिरला आणि पंजा तिच्या मांडीवर ठेवला. तिने काढला, त्याने पुन्हा ठेवला. ब्रिनचा चेहरा उतरला. ती मुकाट्याने कुशीवर आडवी झाली. वेंडेलनी टोपीची घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवली आणि घड्याळाकडे बघत बसले. थोड्या वेळाने फिट आली. ब्रिनला लागू नये म्हणून आर्डिसने खोलीतली खुर्ची ओढून दूर केली.

"दोन मिनिटं," वेंडेल शेवटी म्हणाले. डूली ब्रिनच्या पोटाला टेकून पडला होता. तिने डोळे उघडले.

खाली जाताना वेंडेल जिन्यावर थांबले. तुम्ही दुकानात फोन लावलात ते बरं झालं, म्हणाले.

"मी सकाळी विचारायला हवं होतं," आर्डिस म्हणाली. "कागद बघत बसले. मी वरिष्ठांना तसं लिहून देणार आहे."

ती वाट बघत होती, ते म्हणतील, छे, काही नाही हो. त्या भागात सगळे असंच म्हणतात. वेंडेलनी बुटांकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."

मग घरच्या गायींच्या धारेची वेळ होत आली म्हणून ते निघाले. आर्डिस टेबलापाशी आली, बावीस वर्षं नव्यासारखी राहिलेली ती खुर्ची पुढे ओढली आणि बसून लिहायला घेतलं.