देवाचा राग कोणता

आमच्या बाबांनी देवाशी अबोला धरला होता. हसू नका, खरं सांगते! जावा-जावा धरतात, नवरा-बायको धरतात, अगदी तसाच. आईला माती देऊन घरी आलो, बाबांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "माझं त्याच्याशी बोलणं बंद." मला वाटलं, माझ्या भावाबद्दल बोलून राहिले, तो विमान चुकवून उशिरा पोचला होता ना. संध्याकाळी जेवायला बसलो, मी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, आणि उघडून पाहते तर बाबांची अर्धी पोळी संपलेली! तेव्हा कळलं, 'तो' म्हणजे कोण ते.

आणि हे कोणी करावं? ज्या माणसाची प्रार्थना आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत सगळ्यांत लांब असायची, त्यानं! फॅक्टरीतल्या सुपरवायझरपासून शेजाऱ्याच्या दम्यापर्यंत सगळं ते देवाला तपशीलवार सांगत. त्यांनी सुरुवात केली की आई एक डोळा उघडायची, हळूच उठायची, गॅस बंद करून परत येऊन बसायची. त्या घरात मी वाढले. देव म्हणजे माझ्यासाठी बाबांच्याच शिफ्टमधला कोणीतरी होता, ज्याच्याशी ते रोज गप्पा मारत.

आई गेल्यावर मी बाबांना आमच्याकडे घेऊन आले. नवरा रेल्वेत, आठवड्यातले बरेच दिवस बाहेर. घरात मी, माझा मुलगा आणि त्याची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको. मला वाटलं, माणसांत राहतील, दोन महिन्यांत निवळेल सगळं. कुठलं काय! देवाशी बोलणं सोडलेल्या माणसानं हळूहळू आमच्याशीही बोलणं सोडलं. आधी चर्च सुटलं, मग पेपर, मग दाढी. विचारलं तर नुसतं "हाव", म्हणजे हो, नाही विचारलं तर तेही नाही. ऐंशी पार केलेला माणूस. मला एकच धास्ती होती, की हा असाच तोंड फिरवून निघून जाईल. ज्याच्याकडे जायचं त्याच्याशीच बोलणं नाही! या विचारानं मी पोळ्या लाटता लाटता रडायची.

मंडळीतले लोक भेटायला येत आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात नेऊन ठेवत. "भाऊ, देवावर चिडू नये. पाप आहे." बाबा भिंतीकडे पाहत बसत. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाऊन कप आपटत असे. मीही त्यांचीच लेक ना! आमच्याकडे डोकं सरकायला वेळ लागत नाही.

एका दुपारी मी चिडूनच शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडलं. म्हटलं, पाहू तर खरं, कुठे लिहिलंय हे पाप. आणि काय सांगू, संध्याकाळचा चहा करायचा विसरले! लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी, पण अशा एकापाठोपाठ एक कधी वाचल्याच नव्हत्या. सगळं शास्त्र तापलेल्या माणसांनी भरलंय, बापा! एक डोंगरावरून देवानं स्वतः लिहिलेल्या दगडी पाट्या घेऊन उतरतो, खाली सोन्याच्या वासरापुढे लोकांचा नाच पाहतो आणि त्या पाट्याच फोडून टाकतो. देवाचं हस्ताक्षर! आणि देव काय करतो? नव्या पाट्या घडव म्हणतो. तोच माणूस आधी देवाचं डोकं तापलेलं असताना त्याच्यापुढे उभा राहून त्याला समजावतो, आठवण देतो, की ही तुझीच माणसं आहेत. आणि देव ऐकतो!

दुसरा तर माझा फारच लाडका झाला. माशाच्या पोटातून सुटून आलेला तो संदेष्टा. देवानं मोठ्या शहराला माफ केलं म्हणून हा रुसून गावाबाहेर जाऊन बसतो. डोक्यावर सावलीला वेल येतो, वेल वाळतो, की हा पुन्हा भडकतो. म्हणतो, मरण आलेलं बरं. देव त्याला विचारतो, तुझं हे चिडणं बरोबर आहे का? आणि हा पठ्ठ्या तोंडावर सांगतो, हो, बरोबर आहे! वीज पडत नाही, काही नाही. देव त्याच्याशी वाद घालत बसतो, वडील मुलाशी घालतात तसा. आणि स्तोत्रं? अर्धीअधिक भांडणंच आहेत. किती वेळ, कुठे लपलास, झोपलास का? आपण चर्चमध्ये ती इतक्या गोड आवाजात वाचतो, की कोणाला कळतच नाही आत काय पेटलंय. प्रभूनं चिडून मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथवले ते तर मी बाजूलाच ठेवते.

मी अक्षरशः उठून खोलीत येरझारा घालू लागले. म्हणजे चिडलेल्याला देव हाकलत नाही! उलट त्याच्याशीच जास्त बोलतो. मला ते धावत जाऊन बाबांना सांगायचं होतं. गेलेसुद्धा. ते म्हणाले, "चहा झाला का?" आणि कूस बदलली.

माझं ऐकणार नाहीत, हे उघड होतं. मग कोणाचं ऐकतील? घरात ते धड बोलत ते फक्त सुनेशी. ती हिंदी घरातली, ख्रिस्तीच, शाळेत गाणं शिकवते. आमचं मराठी तिला निम्मं कळतं, निम्मं ती अंदाजानं चालवते. माझ्या मुलाचं ऐकून तीही बाबांना नानाजी म्हणते, त्यांच्या औषधाच्या गोळ्या गाणं म्हणत काढून देते, आणि तिच्यापुढे बाबांचा चेहरा जरा सैल पडतो. आईच्या वर्षाची प्रार्थना घरी व्हायची होती. पाळकांना त्या दिवशी कुंडम गावाला जायचं होतं, म्हणजे बोलायला घरचंच कोणीतरी हवं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोलेल ती! बाबा बाहेर नाही आले तरी आतून ऐकतील.

ती शाळेत होती. मी लगेच मेसेज टाकला: "रविवारी तू बोल. विषय, शास्त्रातला राग. देवाचा राग आणि माणसाचा राग. हिंदीत चालेल." क्षणात उत्तर आलं: "वाह मम्मीजी! ये तो मेरा ही विषय है! मज़ा आ जाएगा!" मला वाटलं, काय तडफदार पोरगी आहे. मग ती आठवडाभर दार लावून हार्मोनियम वाजवत बसली. मी समजले, गीत बसवतेय. मुलगा म्हणाला, मोबाइलवरच्या मराठी शास्त्रात 'राग' शब्द शोधून शोधून वाचतेय, आणि तिला कोणाला काही विचारायचं नाही, सरप्राइज द्यायचंय. मी खुशीत होते.

आता चूक कोणाची म्हणायची? आमच्या घरात 'राग' हा शब्द वापरातच नाही हो! आई म्हणायची, "तुझ्या बाबांचं सरकलं." मी म्हणते, "माझं डोकं फिरवू नको." मुलगा सरळ 'गुस्सा' म्हणतो. मी मेसेजमध्ये चांगलं शुद्ध मराठी लिहायला गेले, आणि तिथेच घोळ झाला.

रविवारी दुपारी पंधरा-वीस माणसं जमली. सतरंजी अंथरली, म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या, खोव्याची जलेबी आणून झाकून ठेवली. बाबांना म्हटलं, "चला ना बाहेर." ते म्हणाले, "मला काम आहे." काम म्हणजे पनागरचे मटार सोलायचे! पाच किलोची पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, पण आतल्या बाजूला, स्टूल टाकून बसले. आम्ही गीत म्हटलं, आतून शेंगा फुटल्याचा टच् टच् आवाज. शास्त्रपाठ झाला, टच् टच्. मी दात आवळून बसले.

सून उठली. छान फिकट साडी, हातात मोबाइल, समोर हार्मोनियम. म्हणाली, "आज का विषय है, देव का राग कौनसा है."

मला वाटलं, सुरुवात वेगळी आहे, पण ठीक.

"बहुत ढूँढा," ती म्हणाली. "स्तोत्रों के ऊपर लिखा होता है, किस चाल पर गाना है. पर देव का अपना राग? वो भी लिखा है! पहली बात, देव का राग अग्नि जैसा है, भड़कता है. अब आप ही बताइए, अग्नि वाला राग कौनसा होता है?" तिनं सगळ्यांकडे आनंदानं पाहिलं. "दीपक!"

अगं बाई! माझ्या शेजारच्या काकूंनी पदर तोंडात कोंबला. मुलगा एकदम छताकडे पाहू लागला. मी तिला डोळ्यांनी खुणावतेय, हातानं खुणावतेय, ती बापडी समजली, मी शाबासकी देऊन राहिले! आणखी रंगात आली.

"पर दीपक तो तेज़ राग है, सब जला देगा. इसलिए शास्त्र में दूसरी बात भी लिखी है. देव राग में मंद है. मंद! मतलब विलंबित. गाने वाले जानते हैं, विलंबित गाना सबसे मुश्किल है. साँस रोकनी पड़ती है. देव जल्दी नहीं करता. वो ठहरता है."

आतला टच् टच् थांबला. लोक हसू दाबत होते, पण मला तो थांबलेला आवाज ऐकू आला. बाबा दारात उभे होते. हातात मटारची परात.

"काय म्हणाली? देव कसा आहे?"

"विलंबित, नानाजी. ठहरने वाला."

"बेटा," बाबा म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे ओठ हसल्यासारखे हलले, "मराठी में राग माने गाना नहीं. राग माने गुस्सा."

ती लालभडक झाली. हार्मोनियमवरचे हात तसेच. "तो नानाजी... देव को किस पर गुस्सा है?"

"त्याला कशाचा गुस्सा?" बाबांचा आवाज चढला. "गुस्सा मला आहे! ठहरता है म्हणे! मंद म्हणे!" आणि मग ते तिच्याकडे पाहीनासे झाले. आमच्या कोणाच्याच डोक्यावर नाही, त्याच्याही वर कुठेतरी त्यांची नजर गेली. "मंद म्हणवतोस ना स्वतःला? मग तिच्या वेळेला कुठे गेला तुझा मंदपणा?"

म्हणवतोस! मी ताडकन ताठ बसले. वर्षभर 'तो', 'त्याला', 'त्याचं'. आणि आता 'तू'! तोंडावर!

"ताप आला आणि आठवडासुद्धा पुरा होऊ दिला नाहीस! मी काय मागत होतो? थांब म्हणत होतो, जरासा थांब. लोकांच्या पापांसाठी पिढ्यान् पिढ्या थांबतोस, माझ्या म्हातारीसाठी तुला काय झालं होतं?" परात कलंडली होती, मटार सतरंजीवर सांडत होते. मंडळीतले एक काका उठले, "भाऊ, शांत व्हा, असं देवाला बोलणं..."

"बसा काका!" मी ओरडले. "कोणी मध्ये बोलायचं नाही! बोलू द्या त्यांना!"

काका बसले. बाबांना हे ऐकूही गेलं नव्हतं.

"आणि वर्षभर काहून गप्प आहेस? मी नाही बोललो, तर तूही नाही बोललास! मोठा कोण आहे आपल्यात? तू ना? मग मोठ्यानं आधी बोलायचं असतं! मी वाट पाहून राहिलो इथे!"

त्यांना धाप लागली. मुलानं पुढे होऊन परात घेतली, सुनेनं हात धरला. ती रडत होती, अर्धं न कळताच. मला वाटलं, संपलं. पण बाबांनी तिचा हात घट्ट पकडला, आणि आवाज एकदम खाली आला, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं इतका.

"आणि ऐक. तिला अंधारात झोप येत नाही. घरी मी पॅसेजमधला दिवा चालू ठेवायचो. तू विसरू नको. गुडघे दुखतात तिचे, बोलून दाखवत नाही ती. तूच विचारत जा."

काकूंच्या तोंडातला पदर डोळ्यांवर गेला होता. बाबा एवढ्या वर्षांत एवढी छोटी प्रार्थना कधीच बोलले नव्हते, आणि इतकी मोठ्यानं तर नाहीच. मला हसू येत होतं, रडू येत होतं, उठून नाचावंसं वाटत होतं.

बाबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. आमचे ते ओले, अवाक चेहरे पाहून त्यांचं पुन्हा सरकलं.

"काहून मुके बसले सगळे?" ते गरजले. "आमेन म्हणा ना!"