चार हजार आठशे अठरा टचाचे टायर

तुळजाक्का नसत्या, तर आमची आई आज कुठल्यातरी हमरस्त्याच्या कडेला लोणच्याच्या बरणीवर बसून मला शिव्या देत असती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं मी स्वतःच्या अकलेचं इतकं वर्णन करणार आहे, की त्या गडबडीत अक्कांचे आभार राहून जायचे!

तुळजाक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. बेंगळुरात के. आर. पुरमला त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आले आणि परत जायचं राहून गेलं (हे त्या परवा घडल्यासारखं सांगतात). घरात मराठीच, पण मधूनमधून कन्नडची फोडणी. एका बस डेपोच्या टायर खात्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. म्हणजे मला जे विचारायचं होतं ते सांगणारं माणूस अक्षरशः माझ्या डोक्यावर राहत होतं. आणि मी त्यांना सोडून अख्ख्या बेंगळुरूला विचारत फिरलो!

माझं शिक्षण आठवी. पास की नापास ठाऊक नाही, कारण निकालाच्या आधीच मामानं मला इकडं आणलं. आमच्या खानापूर तालुक्यात घरटी एक माणूस गलाईत असतो. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, गाळून शुद्ध करायचं काम. वीस वर्षं नगरथपेठेत मुशीपुढं बसलोय. सोन्याचा टच, म्हणजे हजारात शुद्ध सोनं किती, हे मी कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढून सांगतो. नऊशे सोळा की साडेसातशे, डोळे झाकून. हा एवढाच काय तो माझा गर्व. बाकी सगळ्याची मला धास्ती वाटते. बँकेचा फॉर्म, लिफ्ट, इंग्रजीत बोलणारा वॉचमन, सगळ्याची.

तर आई (अक्का तिला हौसाक्का म्हणतात) तीन महिने आमच्याकडं राहायला आली होती. गुडघ्यांमुळं बस नको, रेल्वेचा जिना नको. मी सेकंडहँड गाडी घेतलेली तिनं पाहिली आणि गावी फोन लावून अख्ख्या आळीला सांगून टाकलं, "संपत मला गाडीनं आणून सोडतूय. पारावर थांबा समदी."

सव्वासहाशे किलोमीटर! मी उठून आधी टायर बघितले. नक्षी पार गेलेली. आईनं हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्या आज्याचं डोस्कं आठवलं रं."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आईला पोचवायचं, तेही सुखरूप, तेही पारासमोर! टायर कुठले घ्यावेत म्हणून मी भेटेल त्याला विचारत सुटलो. रिक्षावाला म्हणाला, "कडक घ्या, टिकतात." शेजारचा इंजिनिअर म्हणाला, "मऊ घ्या, ब्रेक नीट लागतात." पेढीवरचा शिवा म्हणाला, "महागातले घे." दुसरा शिवा (आमच्याकडं दोन आहेत) म्हणाला, "तू महागातले घेतोस? तू?"

बायको सुरेखा म्हणाली, "अहो, अक्कांना न्या की बरोबर. त्या कधीच्या म्हणतायत."

खरंच म्हणत होत्या. जिन्यावरून दोनदा ओरडून सांगितलं होतं, "संपत, एकटा जाऊ नको रे. स्वल्प थांब, मी येते."

पण मला संकोच. बेंगळुरात आम्हाला कुणी घर देत नव्हतं तेव्हा अक्कांनी दिलं. सुरेखाला कन्नड त्यांनी शिकवलं. मला डेंगी झाला तेव्हा पपईच्या पानांचा रस त्यांनीच पाजला (तो अजून जिभेवर आहे). आता टायरसाठीही त्यांनाच राबवायचं? शिवाय मनात म्हटलं, संपत, तू सोनं पारखतोस. रबर ते काय!

एका रविवारी अक्का देवळात गेलेल्या बघून मी सुरेखाला घेऊन होसकोटे रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात पोचलो. चोरासारखा!

दुकानदार भला माणूस. त्यानं दोन प्रकारचे टायर पुढं ठेवले. कंपनी एक, माप एक. मी आधी दोन्ही हातांत तोलले. मग टिचकी मारून आवाज ऐकला. मग नखानं खरवडलं. मग वास घेतला.

सुरेखा हळूच म्हणाली, "आता चावू नका म्हणजे झालं."

मी खिशातून कसोटी काढली आणि टायरची एक रेघ ओढली. काळ्या दगडावर काळी रेघ! काय दिसणार, कपाळ? दुकानदार बघत राहिला.

"सार, ये क्या कर रहे?"

"टच देख रहा हूँ," मी गंभीरपणे म्हणालो. "घट कितना जाएगा?"

घट म्हणजे सोनं आटवताना जे कमी भरतं ते. मला विचारायचं होतं टायर झिजणार किती. त्या बिचाऱ्यानं मान हलवली. इकडं ती मान हो-नाहीच्या बरोबर मध्ये हलते.

आणि तेवढ्यात मला तो शिक्का दिसला! टायरच्या कुशीला लांबट गोलात चार आकडे. मी उडालोच. हॉलमार्क! म्हणजे रबरालाही असतो तर! पहिल्या टायरवर होतं ०६२४. सहाशे चोवीस टच! असलं सोनं आमच्या पेढीत कुणी आणलं तर आम्ही त्याला चहासुद्धा विचारत नाही. दुसऱ्यावर होतं ४८१८.

चार हजार आठशे अठरा! नऊशे नव्व्याण्णवच्या वर मी जन्मात काही बघितलं नव्हतं. हजारात चार हजार शुद्ध! हात जोडावेसे वाटले.

"हे द्या. चारही."

दुकानदार प्रामाणिक. म्हणाला, "सार, वो पुराना स्टॉक है. पीछे पड़ा था. सस्ते में देता मैं, लेकिन एक बार सोच लो."

एवढ्या शुद्धीचं वर पुन्हा स्वस्त! मी सुरेखाकडं विजयी नजर टाकली. "जुनं ते सोनं," मी म्हणालो. त्याला कळावं म्हणून हिंदीतही म्हणालो. तो पुन्हा म्हणाला, "पक्का?" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मारली हो, स्वतःच्या हातानं!

तीन दिवसांनी पहाटे निघायचं ठरलं. गाडीत आई, लोणच्याच्या दोन बरण्या, शेवग्याच्या शेंगांचा भारा, कुकर, आणि नातलगांसाठी बेंगळुरूची आठवण म्हणून आईनं घेतलेल्या सहा प्लॅस्टिकच्या बादल्या. सुरेखानं आईला ओवाळलं, गाडीला ओवाळलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. मी गाडी हाकली. लिंबं फुटली. आईनं हात जोडले. गाडी दहा फूट गेली.

समोर तुळजाक्का उभ्या. हातात नारळ. गाडीपुढं फोडायला आलेल्या. पण त्यांची नजर चाकाकडं गेली आणि नारळ हातातच राहिला. त्या गुडघ्यावर बसल्या. चष्मा वर केला, खाली केला. चारी चाकांपाशी जाऊन आल्या.

"संपत, तुझं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

"पाच, अक्का."

"मग हे टायर तुझ्या लग्नाला आले होते रे! तुझ्या संसाराहून थोर आहेत. पाया पड त्यांच्या!"

"अक्का, चार हजार आठशे अठरा..."

"कसलं चार हजार! अठ्ठेचाळिसावा आठवडा, साल अठरा. हे टायर बनले तो दिवस आहे तो! बारसं त्यांचं! सहा वर्षं पडून सुकलेत. हे बघ," त्यांनी नखानं टायरची कूस ताणून दाखवली. केसासारख्या भेगा. "माझ्या टाचा बघ आणि हे बघ. काही फरक? तापल्या रस्त्यावर, एवढं ओझं घालून, हौसाक्कांना घेऊन सहाशे किलोमीटर नेतोस? सुम्ने, उगाच, बसवलंस त्यांना आत?"

मी बोटांवर हिशेब केला. सहाशे चोवीस म्हणजे सहावा आठवडा, साल चोवीस. कोवळं लेकरू मी टाकून आलो होतो आणि म्हातारा घरी आणला होता!

गल्ली अरुंद. मागं दुधाची गाडी, तिच्यामागं दोन रिक्षा, शाळेची व्हॅन. सगळे भोंगे एकदम. प्रत्येक जण उतरून टायर बघून जात होता आणि जाताना माझ्याकडंही बघत होता.

"आई, उतर. आज जायचं नाही," मी म्हणालो.

"मी न्हाई उतरायची."

"अगं, टायर बदलायचेत!"

"ववाळून निघालेला माणूस माघारी येत नसतो. पाय भुईला लागला की शकुन मोडला. तुझा बा एकदा असाच माघारी फिरला तंबाखूची पिशवी घ्यायला, तर म्हस मेली."

सुरेखा म्हणाली, "आत्या, दोन तासांचा तर प्रश्न."

"म्हस दोन तासांतच मेली."

इलाज नव्हता. अक्का पुढच्या सीटवर बसल्या, नारळ मांडीवर घेऊन. सुरेखा मागं बादल्यांत. आणि आमची वरात बैलगाडीच्या चालीनं दुकानाकडं निघाली. "हळू. स्वल्प हळू. खड्डा! अरे, खड्डा!" सायकलवाले आम्हाला मागं टाकून जाताना हसत होते. गाव पश्चिमेला आणि आम्ही चाललो पूर्वेला. आईनं कपाळावर आडवा हात धरून पुढं बघितलं.

"संपत, सूर्य तोंडावर आलाय. गाव हिकडं न्हाई."

"माहितीय, आई."

"न्हाई, म्हटलं शाळा सोडलीस, तवा दिशा तरी शिकला असशील."

दुकानात नवाच पेच. आई आत असताना गाडी जॅकवर चढवायला कारागीर तयार नाही, आणि आई उतरायला तयार नाही. अक्कांनी कमरेवर हात ठेवून विचार केला. मग कारागिरांना कन्नडमध्ये काहीतरी फर्मावलं. दाराला लागून सहा टायर एकावर एक रचले गेले, वर पोतं. दोघांनी आईला उचललं आणि अलगद सीटवरून त्या सिंहासनावर! पाय अधांतरी.

"भुईला लागला काय, हौसाक्का?"

आईनं खाली वाकून तपासलं. "न्हाई."

"सरी, ठरलं! मग तुम्ही निघालेल्याच आहात. चहा घ्या."

आई वर चहा पीत बसली, आणि खाली अक्कांनी माझी शाळा भरवली. आधी गाडीच्या दाराच्या कडेची चिठ्ठी वाचायला लावली. माप तिथं लिहिलेलं असतं, तेच घ्यायचं, रुंद टायरच्या नादी लागायचं नाही. मग तारीख. मग म्हणाल्या, "रोज पेठेत जाणारी गाडी तुझी. सगळ्यांत महाग नको, सगळ्यांत स्वस्त नको. जास्त चालतो अशी ख्याती असलेला मधला घे. आणि वर्षातून दोनदा चाकांची अदलाबदल कर, चारही सारखे झिजतील."

"दगडानं घासायचं नाही?" दुकानदारानं निरागसपणे विचारलं. त्यानं अक्कांना सगळं सांगून टाकलं होतं. कसोटी, वास, टिचकी, पाठीवरची थाप. अक्का एवढ्या हसल्या की त्यांना आईशेजारी दुसऱ्या टायरवर बसवावं लागलं.

तो जुने टायर परत घ्यायला तयार झाला. फक्त थोडे पैसे कापले आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "घट, सार."

निघताना अक्कांनी नारळ फोडला आणि मग मला बाजूला घेतलं. आवाज उतरला होता.

"मला का सांगितलं नाहीस रे?"

"किती त्रास द्यायचा तुम्हाला, अक्का?"

"त्रास? मी वर आहे नं. रस्त्यात टायर फुटला असता तर मी कुणाला हाक मारली असती जिन्यावरून?"

मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "उठ. टायरला करायचा होतास तो मला करतोस!"

दुसऱ्या दिवशी आई पारासमोर उतरली. पाय भुईला लावायच्या आधी चारी बाजूंना नीट बघून घेतलं, सगळे आलेत का ते. मग गावाला सांगितलं, "माझ्या लेकानं टायर असं निवडलं, असं निवडलं, की मला दुकानात शिंव्हासनावर बसवून इचारत हुता!" मी मान खाली घातली. गावाला वाटलं, पोरगं विनयशील आहे.

ह्या उपकाराची परतफेड मी करणारच. अक्कांचं नाव ज्या देवीवरून, त्या तुळजापूरला त्या जन्मात गेलेल्या नाहीत. साडेतीनशे वर्षांत त्यांच्या घरातलं कुणीच परत गेलं नाही. ह्याच गाडीनं मी त्यांना नेणार, ओवाळून, नारळ फोडून, शेवटच्या पायरीपर्यंत. परवा तसं बोललो तर डोळे पुसत म्हणाल्या, "येते रे. पण निघायच्या आधी टायरचे आकडे मी वाचणार."

वाचा म्हटलं, अक्का. शेवटचे दोन आकडे आधी वाचायचे असतात, हे आम्हाला आठवीपर्यंत शिकवलंच नव्हतं. बहुतेक नववीला असावं.