नवं येऊ द्या म्हणणारे भाऊ

जळगावात आमच्या शेजारी एक भाऊ राहायचे. टीव्ही घ्या म्हटलं, की "रंगीत येऊ द्या." रंगीत आला, तर "रिमोटचा येऊ द्या." घरात आपला रेडिओच.

त्यांच्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा उंदराच्या पाठीवर उगवलेल्या माणसासारख्या कानाचा पेपरातला फोटो घेऊन मी धावले. पेपर वाचला की मी अर्धी डॉक्टर व्हायचे. "भाऊ, प्रयोगशाळेत आता किडन्याही उगवतील. थोडं थांबा."

"उगू द्या, वहिनी. तवलोंग मनी बहीण थांबाव नही. मनीच एक दी ऱ्हायनू."

तोवर थांबले नाहीत; स्वतःची एक किडनी दिलीही. दवाखान्यातून दोघं परतले, तर बहीण ओट्यावर सगळ्यांना सांगत होती, "किडनी भाऊनी जुनी शे, पन झकास चालस."

भाऊ पोट धरून म्हणाले, "वहिनी, हिले घरमा ली जा. हासीसन मना टाका तुटतीन."