बंदुकीचा शिपाई

बेल्याचे भगवंतराव नेमबाजीच्या मैदानात उतरले की बघणारे आपोआप गप्प होत. तसा कापूस-ज्वारी पिकवणारा साधा गडी. पण पालथं पडून रायफल खांद्याला लावली, की अंगावर राजाची कळा चढायची. निजामाचा अंमल गेला, आदिलाबादेत साध्या माणसांसाठी रायफल क्लब निघाला, आणि शेतातली रानडुकरं हाकलणाऱ्या या माणसाला जन्माची भूमिका सापडली.

मग एकदा बैलगाडी उलटली. डावा हात मोडला आणि वाकडाच सांधला. रायफलीचं वजन पेललं की हात थरथरे, गोळी भलतीकडे जाई. भगवंतरावांनी मैदानाकडे पाठ फिरवली. त्या वाटेनं जायचं म्हटलं तरी ते बैल दुसरीकडून वळवत.

छप्पन साली दसऱ्यानंतर बातमी पक्की झाली. जिल्हा वाटला जाणार. किनवटची बाजू मुंबई राज्यात, बेल्याची बाजू आंध्रात. त्याआधी सगळ्यांनी मिळून एक शेवटचा सामना खेळायचा, असं क्लबानं ठरवलं. हात अधू असेल त्याला रायफलीखाली दोन पायांचा टेकू लावायची मुभा दिली. टेकू मात्र ज्याचा त्यानं आणायचा. भगवंतरावांचा चेहरा उजळला. पडदा पुन्हा उघडणार होता. टेकू तेवढा धड हवा होता.

आदिलाबादच्या ओळखीच्या दुकानदारानं लोखंडी, घडीचा टेकू पारखायला दिला. "देखो पटेल, कैसा चमकता!" तिकडे शेतकऱ्याला पटेलच म्हणत. दुकानाच्या फरशीवर टेकू तसूभर हलला नाही. पण शेतातल्या काळ्या मातीत अजून ओल होती. टेकूचा टोकदार डावा पाय रुतला आणि रायफल एका अंगाला कलली.

पत्नी कुसुमबाई कापूस वेचता वेचता थांबल्या. "अवो, हा टेकू हाय का चिखलातला बगळा?"

"हास, हास. तुह्या भावाले हरवीन, तवा हासजो."

भाऊ म्हणजे किनवटचे उद्धवराव. तेही या सामन्यात उतरणार होते.

दुसरा टेकू बांबूचा केला. तो रुतला नाही. पण इतका लवलवे की श्वास घेतला तरी नळी नाचायची.

संध्याकाळी बैल सोडताना भगवंतरावांनी रोजच्यासारखा जुवाखाली शिपाई लावला. बैल सोडल्यावर गाडीचं तोंड जमिनीला लागू नये म्हणून लावतात त्या लाकडी टेकणीला शिपाई म्हणतात. यांच्या गाडीचा शिपाई म्हणजे बाभळीचं उलटं बेचकं, पायांना रुंद फळ्या ठोकलेल्या. भरली गाडी तोलून तो याच मातीत उभा राहायचा.

"कुसुम," ते ओरडले, "वाकस आण!"

तसाच वीतभर उंचीचा शिपाई त्यांनी बाभळीचं लाकूड वाकसानं तासून घडवला. वर कापडाची गादी केली. तो नळीला लागू न देता रायफलीच्या पुढच्या लाकडाखाली बसवला, कारण नळी टेकली की नेम बिघडतो. रायफल पाटावर बसल्यासारखी शांत बसली.

शेजारचे नागोराव आदिलाबादला निघाले होते. भगवंतरावांनी त्यांच्याकडे निरोप दिला, "सचिवसाहेबाले सांगजा, मी येतो. संगं शिपाई राहील."

क्लबाचे सचिव हैदराबादकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. नागोरावांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "भगवंतराव आयेंगे, मगर बंदूक के नीचे सिपाही होना."

"बंदूक सिपाही पकडेगा, तो निशाना किसका?" सचिव भडकले आणि त्यांनी नाव खोडून टाकलं.

सामन्याच्या दिवशी नाव पुकारलंच नाही. भगवंतराव सचिवांपुढे जाऊन उभे राहिले. "काऊन जी? माहं काय चुकलं?"

"अकेले आये? तुम्हारा सिपाही किधर है?"

भगवंतरावांनी पिशवीतून टेकू काढून पुढे धरला. "हा काय जी!"

मग किनवटच्या मंडळींत असा हशा उसळला की झाडावरचे पक्षी उडाले. सचिवांनी टेकू मातीत ठेवला, बुटानं दाबून पाहिला आणि तेही हसू लागले. "ये सिपाही मंजूर है!"

भगवंतराव पालथे पडले. गाल लाकडाला लागला, खांदा किंचित पुढे रेटला, श्वास सुटला. गोळ्या एकामागून एक गेल्या. दुर्बिणीतून लक्ष्याचा काळा गोल पाहणारे सचिव पुटपुटले, "एक ही बाहर. बाकी सब काले में."

भगवंतराव उठेनात. समाधानानं डोळे मिटून तसेच पडून राहिले.

"पटेल, उठो! दूसरे का नंबर है."

"राहू द्या साहेब," मागून उद्धवराव म्हणाले. "पुढचा नंबर माहाच हाय. भाऊजीले पडू द्या जराक. मी थांबतो."