तिच्या वाट्याचे बांगडे

काल भिजलेला काथ्याचा दोर हातात आला आणि त्या वासाने माझी मान खाली गेली.

वीसेक वर्षांपूर्वी मालवणात आमच्या घरी नेपल्सची लुचिया उतरली होती. घरात इंग्रजी येणारी मीच, म्हणून मी तिला रापण दाखवायला नेलं. किनाऱ्यावर माणसं जाळं ओढत होती. ती चपला टाकून थेट दोराला लागली. "आमच्याकडे रविवारी अख्खं घर समुद्रावर जातं," ती धापा टाकत म्हणाली. "आजोबा असंच जाळं ओढून वाट्याचे मासे आणायचे."

जाळं वर आलं. तिने हसत ओढणी पसरली.

"तिका कित्याक? पावणी ती," मी रापणीच्या म्होरक्याला, म्हाताऱ्या तांडेलाला म्हटलं.

"दोरी वढलेल्याक वाटो गावताच गो!"

"मगे माझ्याकडे दिया." मी टोपली पुढे केली आणि तिच्या वाट्याचे बांगडे तीत घेतले. तिला सांगितलं, वाटा फक्त गाववाल्यांना. तिने ओढणी झटकली. दोराने तिचे तळवे सोलवटले होते. मला मात्र स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

दुपारी आईने त्याच बांगड्यांचं तिखलं तिला वाढलं. सोललेल्या हाताला तिखट झोंबत असणार. तरी बोटं चाटत ती आमचे आभार मानत होती.