लेटी ग्रिमशॉचा बोकड

लेटी ग्रिमशॉच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. ती कुठं गेली असं कुणी विचारलं की लेटी दर वेळी नवी थाप मारायची. मला म्हणाली, मावशीच्या पोपटानं खाल्ली. पाद्रीसाहेबांना म्हणाली, दानपेटीत टाकायला दुसरं काही नव्हतं. माझ्या धाकट्या भावाला, सिरिलला, तो सहा वर्षांचा असताना सांगितलं, की लहानपणी हट्ट केला म्हणून बापानं कापून सुपात घातली. पोरानं आठवडाभर सुपाला तोंड लावलं नाही. एवढी थापाडी बाई सगळ्या बर्न्ली गावात दुसरी नसेल. आणि तरी गावाला जायचं झालं की गल्लीतले सगळे घराची किल्ली तिच्याकडेच ठेवायचे.

आम्ही दोघी मागावरच्या. ती माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. पोरवयातच गिरणीत लागली, अर्धा दिवस शाळा नि अर्धा दिवस गिरणी, आणि शाळेत ती फक्त झोपा काढायची. मी माग खात्यात आले तेव्हा मला शिकायला तिच्याच हाताखाली दिलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, या सगळ्या बायकांना वेड लागलंय. शेकडो माग एकदम चालतात तिथं कानात ओरडलेलंसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून विणकरणी ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही. तोंड चांगलं वेडंवाकडं करायचं, भुवया उडवायच्या, आणि खात्याच्या दुसऱ्या टोकाची बाई ते बरोबर वाचते. एकदा ही विद्या आली की मरेपर्यंत जात नाही. रस्त्यापलीकडं दोघी जणी काय कुजबुजतात ते आम्हाला अलीकडून कळतं. आणि कुणाला नको तेव्हा दिवस गेले, कुणाचा नवरा पळाला, कुणाच्या पोटात गाठ निघाली, असलं काही असलं की आमच्या बायका घरात चहा पितानासुद्धा आवाज बंद करून नुसते ओठ हलवतात. वाईट गोष्ट आवाजात बोलायची नाही, ही आमची रीतच आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली, कापूस येईनासा झाला, आमची गिरणी बंद पडली. आम्हाला दारूगोळ्याच्या कारखान्यात जायचा हुकूम आला. तिथले मुकादम ऑस्बोर्न म्हणून होते, दक्षिणेकडचे, फार व्यवस्थित माणूस. लेटीचा हात बघून ते म्हणाले, "बाई, हे नाजूक काम आहे. नऊ बोटांनी कसं जमणार तुम्हाला?"

"दहा बोटांच्या किती जणी आहेत तुमच्याकडं?" लेटीनं विचारलं.

"पुष्कळ आहेत."

"मग त्यांच्या शेजारी बसवा मला. आठवड्यानं बघू कुणाला जमतंय ते."

ऑस्बोर्नना हसू आवरलं नाही. त्यांनी तिला घेतलं, आणि आठवड्यानं ते नव्या पोरींना तिचे हात बघायला आणू लागले.

काम डेटोनेटरचं होतं. बोटाच्या पेराएवढी तांब्याची नळी, आत चिमूटभर दारू. चिमट्यानं ती उचलायची आणि ट्रेमधल्या भोकात अलगद बसवायची. ट्रे भरला की भिंतीतल्या खिडकीतून पलीकडं द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. नळी निसटली, आपटली, तर बोटं जायची, आणि नशीब खोटं असलं तर डोळेही. आमच्या आधी तिथं बसणाऱ्या एका पोरीचे दोन्ही गेले होते. ठिणगी उडेल म्हणून केसांत पिना चालायच्या नाहीत, पायांत रबरी जोडे. बाकावर बोलायची बंदी, कारण बोलताना हात हलतो.

ही बंदी आम्हा विणकरणींना सांगायची म्हणजे माशाला सांगायचं की पाण्यात ओरडू नकोस. लेटी आणि मी समोरासमोर बसायचो आणि दिवसभर गप्पा मारायचो. आमच्या बाकावर मागावरच्या आम्ही दोघीच. बाकीच्या दुकानांतल्या, मळ्यांवरच्या. त्यांना काही कळायचं नाही. ऑस्बोर्न तर सगळ्यांना सांगायचे, "या दोघींकडून शिका. तोंडातून शब्द नाही!" फक्त लेटीनं पहिल्याच दिवशी मला एक नियम घालून दिला होता. चिमट्यात नळी असेल तेव्हा हसायचं नाही. तीसुद्धा तसंच बोलायची. माझा चिमटा रिकामा झाला की मगच हसण्यासारखं काही, नळी उचलली की साधं पुढचं वाक्य. मागावर सुताचा धोटा बदलायच्या सवडीत बोलायची सवय होती आम्हाला, तिनं ती इथं लावली.

खोलीच्या एका टोकाला काचेचं ऑफिस होतं. माझी पाठ काचेकडं, लेटीचं तोंड काचेकडं. तिथं मुकादम बसायचे आणि कामगार बायकांची विचारपूस करणाऱ्या मिस पेनरोझ. ऑफिसात बोलावणं आलं की सगळ्या बायका काय ते समजायच्या, घरी कुणी गेल्याची तार आलेली आहे. एकदा एकीला दारातून हाक मारली आणि तिच्या चिमट्यातून नळी सुटली. देवाच्या दयेनं ती मांडीवरच्या जाड कापडावर पडली. तेव्हापासून ऑस्बोर्ननी ठरवून टाकलं होतं, तार कुणाचीही असो, हातातला ट्रे भरून होईपर्यंत बोलवायचं नाही.

सिरिल तेव्हा व्यापारी जहाजावर होता. आई गेल्यावर मीच त्याला वाढवला, म्हणून त्याच्या कागदावर जवळचं माणूस म्हणून माझंच नाव होतं. ती सकाळ मला चांगली आठवते. बाहेर धुकं होतं, मी नुकताच नवा ट्रे पुढं ओढला होता. मी लेटीला ओठांनी विचारलं, "तुझ्याकडं लाल लोकर आहे का गं? सिरिलला मोजे विणतेय, टाचेला कमी पडतेय."

लेटी माझ्या डोक्यावरून मागं बघत होती. मागं काचेपलीकडं, हे मला नंतर कळलं, मिस पेनरोझ हातात तार घेऊन उभ्या होत्या. शेजारणीनं ती फोडून वाचली होती आणि रडत फाटकावर आणून दिली होती. पेनरोझ माझं नाव घेऊन मुकादमांना म्हणत होत्या, "क्लॅरिस हॅलिवेल. भाऊ. जहाज बुडालं, कुणीही वाचलं नाही." आणि मुकादम म्हणाले, "आत्ताच ट्रे घेतलाय तिनं. भरू दे." बंद काचेआड बोललं की ऐकू जात नाही, असं त्या बिचाऱ्यांना वाटत होतं. लेटीनं शब्द न् शब्द वाचला.

"आहे की लोकर," लेटीचे ओठ म्हणाले. "भरपूर आहे. देते." आणि लगेच, "इनॉकमामाच्या बोकडाची गोष्ट सांगितलीये का मी तुला?"

"नाही."

"नाही? काय सांगतेस! मग ऐक."

आता हे समजून घ्या. आम्हा विणकरणींचं बोलणं सगळं तोंडावर असतं. चेहरा हलवल्याशिवाय आम्हाला 'मीठ दे' म्हणता येत नाही. मनात एक आणि तोंडावर दुसरं, हे मागावरच्या बाईला जमतच नाही. लेटीनं ते ट्रे भरेपर्यंत केलं. मी वळून काचेकडं एकदा बघितलं असतं तर मीही वाचलं असतं, आणि माझ्या चिमट्यात नळी होती.

"व्हिटसनच्या सणाची मिरवणूक," लेटी सांगू लागली. "आमच्या चॅपेलची माणसं पुढं, पलीकडच्या चॅपेलची मागं. त्यांचा नवा रेशमी झेंडा, वर्षभर पैसे जमवून केलेला. आणि इनॉकमामा आमच्या बँडमध्ये, ट्रॉम्बोन घेऊन. घरी बोकडाला बांधायला विसरला."

मी नळी बसवली. "मग?"

"मग काय! बोकडानं झेंड्याचा कोपरा चाखला. आवडला त्याला."

मी हसले. हसू ओसरेपर्यंत ती थांबली. मी चिमटा पुन्हा उचलला तशी ती पुढं गेली, अगदी साध्या चेहऱ्यानं. बोकडानं अर्धा झेंडा तोंडात धरून पळ काढला. मागं पलीकडचे पाद्री, त्यांच्यामागं इनॉकमामा ट्रॉम्बोनसकट, आणि बँडला काही कळेना म्हणून तो वाजवतच मागं धावतोय. बोकड ट्राममध्ये चढला.

"ट्राममध्ये?"

"वरच्या मजल्यावर. त्याला हवा लागते."

तेवढ्यात माझ्या मानेला गार वारा लागला. मागं ऑफिसचं दार उघडलं होतं. मिस पेनरोझना राहवलं नव्हतं, त्या बाहेर यायला निघाल्या होत्या. मी मान वळवणार, तोच लेटीनं डोळे मोठे केले. "इकडं बघ, इकडं! कंडक्टर वर आला. बोकडाला म्हणाला, तिकीट? बोकड काही बोलेना. तेव्हा कंडक्टरनं असा हात वर केला." आणि तिनं तो चार बोटांचा हात समोर सरळ उभा धरला. "'थांबा,' म्हणाला. 'एक पाऊल पुढं टाकू नका. मी सांगेन तेव्हाच उतरायचं.'"

मागचं दार हळूच बंद झालं. मला वाटलं, काय नक्कल करते ही बाई!

ट्राम टाऊन हॉलपाशी पोचली. पायऱ्यांवर मेयर गळ्यात मानाची साखळी घालून उभे, हातात भाषणाचा कागद. बोकड उतरला. मेयरनी बोकडाकडं पाहिलं. बोकडानं मेयरकडं पाहिलं. मी शेवटची नळी शेवटच्या भोकात बसवली आणि चिमटा खाली ठेवला.

लेटी उठली. वळसा घालून माझ्याकडं आली, ट्रे माझ्या पुढ्यातून घेऊन खिडकीतून पलीकडं दिला. मग माझे दोन्ही हात तिनं हातात घेतले. मी अजून हसतच होते. "पुढं काय झालं?" मी विचारलं. तिच्या चेहऱ्यावर आता काहीही धरून ठेवलेलं नव्हतं. तिनं आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "सिरिल."

नंतर मी तिच्याशी बोलले नाही. मिस पेनरोझनी मला सगळं सांगितलं, लेटीचा वर केलेला हातही सांगितला, तरीही नाही. बाकावर मी दुसरीकडं जागा मागून घेतली. शेवटी एका रविवारी लेटीच माझ्या घरी आली, लाल लोकरीचा गुंडा घेऊन, आणि माझा बांध फुटला.

"मी हसत होते, लेटी! माझं पोर समुद्राच्या तळाशी आणि मी बोकडावर हसत होते!"

"हो," ती म्हणाली. "मीच हसवलं तुला."

"का पण? कुणी सांगितलं होतं?"

तिनं डावा हात टेबलावर ठेवला. "माझं लग्न ठरलं होतं, तुला माहीत नसेल. ॲल्बर्ट नाव त्याचं. मागच्या लढाईत आपल्या गावची पोरं एकाच सकाळी गेली ना, त्यातला. खात्याच्या दारातून बातमी आत आली. माग चालूच होते. या बाईकडून त्या बाईकडं ओठांवरून नावं पळत होती. मी मान वर केली तर चौघींच्या तोंडावर एकच नाव. मागात माझा हात कुठं आहे हे मला कळलंच नाही, क्लॅरी. कुणी मुद्दाम केलं नाही. पण कुणी थांबवलंही नाही."

हे सगळं ती आवाजात बोलली. तिचा आवाज जाड होता, असली गोष्ट बोलायची त्याला सवय नव्हती. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला आणि आजही वाटतो. शूर बायका मी त्या लढाईत खूप पाहिल्या, आगीतून माणसं काढणाऱ्या, बाँब पडताना ट्रक चालवणाऱ्या. पण स्वतःचं सगळ्यात वाईट आठवत असताना दुसरीला हसवत ठेवणारी एकच पाहिली.

मोजे मी पुरे केले. ते लेटीनं वापरले, टाच झिजेपर्यंत.

लढाई संपली, आम्ही परत मागावर गेलो आणि म्हाताऱ्या झालो. एका व्हिटसनला रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून मिरवणूक बघत बसलो होतो. पलीकडच्यांचा झेंडा दिसला तशी मला आठवण झाली.

"लेटी, त्या मेयरचं पुढं काय झालं गं?"

"कुठला मेयर?"

"अगं, बोकड ट्राममधून उतरला आणि मेयरनी त्याच्याकडं पाहिलं. तिथंच राहिली गोष्ट."

लेटी माझ्याकडं बघतच राहिली. "कसला बोकड? मला इनॉक नावाचा मामाच नव्हता."

"नव्हता?"

"तुझा ट्रे भरायला वेळ होता, बाई. गोष्टीत कुणाला तरी पळवत ठेवायला हवं होतं ना मला! जे सुचेल ते सांगत होते. तुझ्या मागं काचेत ते दोघं रडवेले उभे, आणि मी बोकडाला ट्राममध्ये चढवतेय."

एवढ्यात बँड अगदी आमच्यासमोर आला, ढोल बडवत. काही ऐकू येईना. लेटीनं माझ्या गुडघ्यावर थाप मारून मला तिच्याकडं वळवलं आणि तोंड चांगलं वेडंवाकडं करून ओठांनी सांगितलं, "भाषण खाल्लं त्यानं मेयरचं."

माझ्या हातात काही नव्हतं. मी पोटभर हसले.